मोजमाप पुस्तिकेत मासाही हवा

शासकीय बांधकामावर अभियंत्याच्या हाती एक पुस्तिका असते, तिला मोजमाप पुस्तिका म्हणतात. तिच्यातले रकाने ठरलेले असतात: कामाचा तपशील, संख्या, लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी परिमाण. नाल्याचे काम असेल तर हे परिमाण घनमीटरमध्ये येते, घनमीटरला दर लागतो, दरावरून देयक तयार होते आणि देयक मंजूर झाले की नाला सुधारला असे कागदोपत्री ठरते. माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशा पुस्तिका भरण्यात गेली. नाशिक जिल्ह्यातले कितीतरी ओढे मी टेप धरून मोजले, त्यांचे आडवे छेद काढले, कुठे मुरूम लागला आणि कुठे खडक लागला याच्या नोंदी केल्या. त्यातल्या एकाही ओढ्यात काम सुरू होण्यापूर्वी कोणते मासे होते आणि काम संपल्यावर कोणते उरले, हे मी कधी लिहिले नाही, कारण तसा रकानाच नव्हता. खचलेले काठ सावरण्यावर आणि ओढे दुरुस्त करण्यावर आपण जो सार्वजनिक पैसा खर्च करतो, त्याचे यश त्या पाण्यात मूळचा मासा टिकला किंवा परतला की नाही यावरही मोजले जावे, असे माझे आज स्पष्ट मत आहे. हे मत बनायला मला उशीर झाला, म्हणून ते सविस्तर मांडतो.

नाशिकमध्ये हा प्रश्न आत्ताच मांडण्याला कारण आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि सिंहस्थ आला की गोदावरीच्या काठावर कामे निघतातच. घाट लांबतात, भिंती उभ्या राहतात, काठाची माती दगडाखाली जाते. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. त्याखाली पात्रातले जिवंत झरे गाडले गेले, ही तक्रार गोदाप्रेमी नाशिककरांनी न्यायालयापर्यंत नेली आणि पुढे ते काँक्रीट काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. म्हणजे एकदा ओतण्याचा खर्च आणि एकदा फोडण्याचा. तरी गोदावरीच्या मुख्य पात्राकडे निदान सगळ्यांचे लक्ष असते. तिला मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी, दारणेला मिळणारी वालदेवी, खुद्द दारणा आणि कादवा, आणि या सगळ्यांना मिळणारे नाव नसलेले असंख्य ओढे यांच्याकडे लक्ष जाते ते पोकलेन दारात येऊन उभे राहिल्यावरच. मोठ्या नदीतल्या माशांपैकी बरेचसे अंडी घालायला याच लहान ओढ्यांत शिरतात.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये, मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर, दारणेला मिळणाऱ्या अशाच एका ओढ्यावर मी गेलो होतो. त्याच्यावर माझ्याच देखरेखीखाली एक सिमेंट नाला बांध झाला होता आणि बांधाच्या वरच्या अंगाला खोलीकरण झाले होते. पाणी गढूळ होते, बांधावरून पातळ पडदा धरून खाली पडत होते, आणि पायथ्याशी चढणीचे मासे गोळा झाले होते. बोटभर लांबीचे ते मासे पाण्यातून उसळत, काँक्रीटच्या उभ्या अंगावर आपटत आणि पुन्हा खाली पडत. आपटल्या जागी ओल्या सिमेंटवर बारीक चंदेरी खवले चिकटलेले दिसत होते. शेजारी फेकजाळे खांद्यावर टाकून एक वयस्कर भोई उभे होते. जाळे टाकले असते तर एका फेकीत टोपली भरली असती, पण त्यांनी ते टाकले नाही. ‘साहेब, हा पोटात गाभोळी घेऊन आलाय. वर जाऊ द्या त्याला,’ ते म्हणाले. मी विचारले, ‘बाबा, आता कसा जाईल वर?’ त्यांनी भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘ते तुमीच सांगा.’ त्या कामाची माझी मोजमाप पुस्तिका अचूक होती. तपासणीत तिच्यावर एकही शेरा आला नव्हता.

चढणीचा मासा म्हणजे काय हे इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात कुणाला सांगावे लागत नाही. पहिल्या पुरात मासा प्रवाहाच्या उलट निघतो, नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात आणि कधी कधी थेट भाताच्या खाचरात चढतो, कारण तिथे पाणी उथळ असते, कोवळे खाद्य असते आणि पिल्ले खाणारे मोठे मासे नसतात. हा प्रवास काही दिवसांचाच असतो. ते चार दिवस वाट अडली तर त्या वर्षाची वीण गेली. खोलीकरण केलेल्या नाल्यात वाट दोन ठिकाणी अडते: एकदा बांधापाशी आणि दुसऱ्यांदा खोदाई जिथे संपते तिथे, कारण खोदलेला तळ आणि त्याच्या वरचा न खोदलेला तळ यांच्यात एक उभी पायरी तयार झालेली असते.

ही पायरी नुसती माशाला अडवत नाही, ती चालू लागते, आणि काठ खचण्याच्या प्रश्नाचे मूळ बऱ्याच ठिकाणी इथेच आहे. पाणी त्या पायरीवरून कोसळताना तिचा पाया खाते, पायरी ढासळते आणि थोडी वर सरकते. दर पावसाळ्यात ती अशीच वर वर जात राहते आणि मागे खोल घळ सोडते. तळ खाली गेला की काठ आपोआप उंच होतात. एरवी हातभर उंचीचा काठ पुरुषभर उंच होतो आणि त्याचा पाय प्रवाहात उघडा पडतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव यात भर घालतो. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी पिऊन फुगते आणि जड होते. पूर चढलेला असतो तोवर पाण्याचाच दाब काठाला धरून ठेवतो. पूर झपाट्याने उतरला की तो आधार जातो, आत मुरलेले पाणी मात्र तसेच असते, आणि काठाचा आख्खा तुकडा भेगेपासून सुटून खाली बसतो. निफाडकडे ज्यांची शेते किंवा द्राक्षबागा नाल्याला लागून आहेत त्यांनी हे पाहिले असेल. काठ पुरात कोसळला असे आपण म्हणतो, पण तो बहुतेक वेळा पूर ओसरल्यावर, रात्रीतून कोसळतो. सकाळी बागेच्या कडेच्या ओळीतला खांब तारेला लोंबकळलेला दिसतो आणि माती नाल्यात गेलेली असते.

ती माती पाण्यात गेल्यावर माशाचे काय होते, ते बघायला ओढ्याच्या तळाशी जावे लागते. निरोगी ओढ्याचा तळ एकसारखा नसतो. एखादा डोह असतो, मग पाणी पातळ होऊन गोट्यांवरून खळाळत जाते, मग वळणावर पुन्हा डोह लागतो. खळाळात पाण्यात हवा मिसळते, डोहात उन्हाळ्याचा आसरा मिळतो. गोट्यांच्या फटींमधून पाणी खेळत असते आणि तिथेच अंडी, पिल्ले आणि त्यांचे खाद्य असलेले पाणकिडे राहतात. खचलेल्या काठाची बारीक माती या फटींत बसते, वरून पातळ साय धरते आणि अंड्यांपर्यंत जाणारे ताजे पाणी बंद करते. अंडी त्याखाली गुदमरतात. डोह भरून उथळ होतात. काठावरची झाडे माती घेऊनच पडलेली असल्यामुळे सावली नाहीशी होते आणि पाणी तापते. वीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज उलट वाढलेली असते. वरून धडधाकट दिसणारा, पाण्याने भरलेला नाला माशासाठी असा निकामी होतो.

निकामी झालेल्या पाण्यात मासे अजिबात नसतात असे नाही, आणि इथेच आपली फसगत होते. चिलापी, म्हणजे तिलापिया हा बाहेरून आणलेला मासा, गढूळ, तापलेल्या, कमी हवेच्या पाण्यातही वाढते. नाल्यात चिलापी दिसली की मासे आहेत असे आपण समजतो. पण खडकाला धरून राहणारे, वाहत्या स्वच्छ पाण्याचे मासे आधी जातात. मल्या नावाचा लहान मासा ओठांच्या खालच्या चकतीने दगडाला चिकटून प्रवाहात टिकतो. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन केले तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली. मल्यावरून ‘मुल्या’ आले, महासीरच्या इकडच्या जातीला ‘खुद्री’ हे नाव मिळाले, ‘कोलस’ आणि ‘बोग्गट’ही तसेच आले. म्हणजे दख्खनच्या नद्यांतल्या माशांना जगाच्या शास्त्रात जी नावे आहेत त्यातली काही आपल्या मच्छीमारांकडून आलेली आहेत. हे मासे आपल्या ओढ्यांतून गेले तर ती नावे तेवढी ग्रंथांत उरतील.

त्याहून जवळचे उदाहरण देवळालीचे आहे. १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी देवळाली परिसरातून एका लहानशा माशाची नवी जात नोंदवली. पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी हे तिचे शास्त्रीय नाव, आणि जगभर ती ‘देवळाली मिनो’ म्हणून ओळखली जाते. हाही डोंगरी ओढ्यांच्या वाहत्या पाण्यातला मासा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त गणला गेला आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर. गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्या स्थळाच्या वर्णनातही या माशाचा उल्लेख आला. नांदूर मध्यमेश्वरला आपण पक्ष्यांसाठी जातो, दुर्बिणी घेऊन जातो, आणि ते चांगलेच आहे. पण नाशिकच्या एका गावाचे नाव घेऊन जगात वावरणारा हा एवढासा जीव किती नाशिककरांना ठाऊक आहे? वाघासाठी आपण जंगल राखतो. या माशासाठी राखायचे ते काही किलोमीटर लांबीचे गोट्यांचे ओढे आहेत आणि त्यांचे काठ.

आता काठ सावरायचा म्हणजे काय करायचे, हा मुख्य मुद्दा. आपल्याकडे काठ खचला की दोनच उपाय सुचतात. शहरात भिंत बांधायची आणि गावात नाला आणखी खोल-रुंद करायचा. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले तेव्हा नाला खोलीकरण आणि रुंदीकरण हे त्यातले सर्वात ठळक काम ठरले. दुष्काळाने पोळलेल्या गावांना पाणी साठलेले डोळ्यांनी दिसले आणि विहिरींना त्याचा आधार वाटला, हे मी नाकारत नाही, कारण ते मी पाहिले आहे. पण यंत्राला तळ सपाट आणि कडा उभ्या कापणे सोयीचे जाते. डोह, खळाळ, वळण, काठावरचे करंज आणि उंबर हे सगळे त्या सपाटीकरणात जाते, आणि उभी कापलेली कडा पुढच्या दोन पावसाळ्यांत ढासळून ज्या खोलीसाठी पैसे मोजले ती खोलीच बुजवते. भिंतीचे दुखणे वेगळे आहे. भिंत उभी राहिली की पाणी तिला घासून वेगाने जाते, वेग वाढला की तिच्या पायथ्याचा तळ खरवडला जातो, आणि जिथे भिंत संपते तिथल्या मातीच्या काठावर तो सगळा जोर पडतो. एका मालकाचा काठ वाचतो, पुढच्याचा जातो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी आले यावर पूर मोजणाऱ्या या शहराने २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिले आहेत. पात्र आवळून पूर आटोक्यात येत नाही हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मला पटलेली पद्धत जुनीच आहे, तिला फक्त शिस्त हवी. आधी तळ थांबवायचा. वर सरकणारी ती पायरी मोठ्या दगडांची लांबट उतरंड रचून बसवली की तिची चाल थांबते, आणि उतरंडीवरून पाणी दगडांच्या फटींतून टप्प्याटप्प्याने उतरत असल्यामुळे मासाही टप्प्याटप्प्याने चढतो. मग काठाचा पाय धरायचा. काठाच्या पायथ्याशी मोठे डबर तळात रोवून बसवायचे, ते तळाखाली निदान हातभर गेले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच पुरात त्यांच्या खालची माती निघून जाते. पायाच्या वर उभी कडा कापून तिला उतार द्यायचा, एक मीटर उंचीला दोन किंवा तीन मीटर आडवा, म्हणजे काळी माती आपल्याच वजनाने घसरणार नाही. त्या उतारावर मुळे बसवायची. वाळ्याची मुळे तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात आणि मातीला शिवून टाकल्यासारखी धरतात. वाळुंज आणि निर्गुडी फांदी खोचून लागतात. पात्रातल्या खडकांत वाढणारे शेरणीचे झुडूप घ्या, ती पुराखाली लवते, मोडत नाही, आणि ओसरल्यावर पुन्हा उभी राहते. वरच्या पट्टीला करंज, जांभूळ, अर्जुनसादडा, उंबर. उंबराची फळे पाण्यात पडतात, काही मासे ती खातात. अर्जुनाची मुळे काठाबाहेर येऊन पाण्यात गुंफली जातात आणि त्या गुंफणीत पिल्ले लपतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे प्रवाहाचा मारा सर्वात जास्त असतो, तिथे काठातून पात्रात तिरपे घुसवलेले दगडी दांडे प्रवाहाला मध्याकडे वळवतात, आणि दांड्याच्या टोकापाशी पाणी स्वतःच डोह खणते. असा डोह कुणाला यंत्राने खणून द्यावा लागत नाही.

यातल्या प्रत्येक गोष्टीला वेळेचे बंधन आहे, आणि शासकीय कामात हेच सर्वात अवघड जाते. दगडकाम मार्च ते मे या काळात, पाणी आटल्यावर, पण उरलेल्या डोहांना हात न लावता करायचे, कारण उन्हाळ्यातला तो डोह म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे आहे. वाळा आणि फांद्या पहिल्या पावसाच्या तोंडावर लावायच्या. आपल्याकडे निधी मार्चअखेरीस खर्ची टाकायचा असतो, त्यामुळे झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात आणि एप्रिलमध्ये वाळतात. मोजमाप पुस्तिकेत त्यांची संख्या मात्र कायमची जिवंत राहते.

उताराला जमीन लागते हा शेतकऱ्याचा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. तीन मीटर उंचीच्या उभ्या कडेला तिप्पट उतार द्यायचा तर काठाची नऊ मीटर रुंद पट्टी शेतातून जाते. ज्याच्याकडे दोन एकर द्राक्षबाग आहे त्याला ती द्या म्हणणे सोपे नाही. पण ती जमीन तशीही जाणारच असते, दर वर्षी थोडी थोडी, विनामोबदला, आणि कधी जाईल ते त्याच्या हाती नसते. म्हणून त्या पट्टीचा मोबदला कामाच्या अंदाजपत्रकातच धरावा आणि पट्टीवरचा वाळा, बांबू, जांभूळ, करंजाच्या बिया यांचे उत्पन्न त्याच शेतकऱ्याचे राहावे. वाळ्याच्या मुळांना बाजार आहे. ज्या ठिकाणी एवढी जागा निघूच शकत नाही, घर किंवा विहीर काठावरच आहे, तिथे दगडी बांधकाम करावे, त्याला माझा विरोध नाही. तो अपवाद म्हणून करावा आणि त्याचे कारण लिहून ठेवावे.

दुसरा आक्षेप पाण्याच्या टंचाईचा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि निफाड-सिन्नरकडे पाचशेच्या आसपास. सिन्नरच्या माणसाला माशाच्या वाटेसाठी बांध काढा म्हटले तर तो ऐकणार नाही आणि त्याने ऐकावे असेही मी म्हणणार नाही. पण कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढायचे असतात हा जुनाच नियम आहे. ते वेळेवर निघाले तर चढणीच्या दिवसांत वाट मोकळी राहते आणि ऑक्टोबरात बरगे बसवून पाणी अडवता येते. सिमेंट बांधाच्या एका टोकाशी दगडांची उतरंड दिली तर साठ्याचे फारसे नुकसान होत नाही. आणि जो काठ झाडांनी धरलेला आहे तो साठ्यात गाळ येऊ देत नाही, म्हणजे साठा अधिक वर्षे टिकतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, मर्यादा आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नासर्डीचा काठ कितीही सुंदर उतारावर बसवला, त्यावर कितीही वाळा लावला, तरी तिच्यात सांडपाणी येत राहिले तर मासा येणार नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सदतीस हजारांवर नदी-दुरुस्ती कामांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि कामाचा परिणाम नंतर मोजल्याचा उल्लेख त्यातल्या जेमतेम दहा टक्के नोंदींत सापडला. २०१० च्या दुसऱ्या एका आढाव्यात दुरुस्त केलेल्या अठ्ठ्याहत्तर ओढ्यांपैकी फक्त दोनांत पाणकिड्यांची विविधता लक्षात येण्याइतकी वाढलेली दिसली. दगड आणि वळणे यांनी ओढ्याचा आकार परत आला होता, पण पाण्याची प्रत आणि वरच्या पाणलोटाची अवस्था बदललेली नव्हती. ज्या देशात या कामांवर दर वर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो तिथली ही गत आहे. म्हणून नाशिकमध्ये सुरुवात नासर्डीच्या शहरी भागात करू नये असे माझे मत आहे. तिथे आधी सांडपाणी. काठाचे आणि माशाचे काम आधी दारणा, वालदेवी आणि कादवेच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून बरे आहे आणि मूळचा मासा अजून शिल्लक असण्याची शक्यता आहे, तिथे करावे. शिल्लक असलेले राखणे हे गेलेले परत आणण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

गेलेले परत आणण्याची किंमत काय असते ते फ्लोरिडाच्या किसिमी नदीने दाखवले आहे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी पूरनियंत्रणासाठी ती वळणावळणाची, सुमारे १६६ किलोमीटर लांबीची नदी सरळ करून ९० किलोमीटरचा कालवा केला. पूरमैदान कोरडे पडले, पाणपक्षी निघून गेले, कालव्याच्या पाण्यातला प्राणवायू घटला आणि माशांची रचना बदलली. १९९९ मध्ये त्याच अभियंत्यांनी तो कालवा काही लांबीत पुन्हा बुजवायला घेतला, जुन्या वळणांत पाणी सोडले, आणि हे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. सुमारे सत्तर किलोमीटर नदी परत मिळवायला बावीस वर्षे आणि एक अब्ज डॉलरच्या घरात खर्च आला. पक्षी परतले, माशांतही बदल दिसला. आपल्याकडे सरळ केलेले ओढे लहान आहेत, त्यांना एवढा काळ लागणार नाही. पण सरळ करण्याचा खर्च आपण अजून करतोच आहोत.

मग रकाना कसा आणायचा? साधने हाताशी आहेत. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या नोंदवहीत ओढ्यागणिक माशांचे पान असावे, आणि ओढ्याच्या कामाला तांत्रिक मंजुरी देताना ते पान जोडलेले असावे. नाशिकमध्येच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली ‘मेरी’, आहे. दगडी उतरंड, काठाचा पाय आणि मुळांचा काठ यांचे आपल्या मातीसाठीचे नमुना आराखडे तिने द्यावेत आणि त्यांचे दर दरसूचीत यावेत, कारण दरसूचीत जे असते तेच अंदाजपत्रकात येते, हे मी अनुभवाने सांगतो. अभियंता वाईट असतो म्हणून भिंत लिहीत नाही, भिंतीचा दर छापलेला असतो म्हणून लिहितो. झाडे, वाळा, उतार ही हातांची कामे आहेत, ती रोजगार हमीत सहज बसतात आणि त्यातला पैसा गावातच राहतो.

आणि ठेकेदाराच्या सुरक्षा अनामतीचा काही भाग दोन पावसाळे उलटेपर्यंत राखून ठेवावा. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामात दोष निघाल्यास ठेकेदार जबाबदार असतो तो काळ, आपल्याला नवा नाही, रस्त्यांना तो आहेच. ओढ्याच्या बाबतीत दोष म्हणजे काय, एवढेच ठरवायचे आहे. काठ उभा आहे का, लावलेल्या झाडांपैकी किती जगली, आणि ठरवून दिलेल्या तीन जागी, ठरवून दिलेल्या दिवसांत, तेवढ्याच फेकींत कोणकोणते मासे किती मिळाले. काम सुरू होण्यापूर्वीची मोजणी याच पद्धतीने झालेली असली पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. मोजून झालेले मासे त्याच जागी सोडायचे. ही मोजणी करायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. गावचा भोई ती माझ्यापेक्षा चांगली करील, कारण मल्या कोणता आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणता हे त्याला जाळ्यातून हात न काढता कळते. त्याला दिवसाची मजुरी द्यावी, मोजणी त्याच्या समोर मोजमाप पुस्तिकेत लिहावी, आणि अभियंत्याच्या सहीशेजारी त्याची सही किंवा अंगठा घ्यावा.